मियाटाला ऑटोक्रॉससाठी आधी एलएसडी टाकू की मोठे ब्रेक?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत २०१६ ची एनडी मियाटा (माझदाच्या छोट्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारची चौथी पिढी) घेतलीये, स्पोर्ट ट्रिम (व्हेरियंट), म्हणजे मागे ओपन डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा साधा गिअर-संच, थोडक्यात डिफ), आणि वीकेंडच्या ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या जागेत प्लॅस्टिकचे शंकू मांडून एकेका गाडीनं वेळेशी लावलेली शर्यत) आधी एलएसडीवर (लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा डिफ) पैसे घालू की बिग ब्रेक किटवर (मोठ्या डिस्क आणि कॅलिपर). मी पण मियाटाच पळवतो, म्हणून स्पष्ट सांगतो, ब्रेक किट अजिबात घेऊ नका. डिफनं मात्र खरंच फरक पडतो.

ब्रेकचं आधी उरकतो. एक रन जेमतेम मिनिटभराची, बहुतेक सगळी दुसऱ्या गिअरमध्ये, मग पुढचा नंबर येईपर्यंत गाडी उभीच, एवढ्यात ब्रेक फेड होण्याइतके (गरम होऊन पकड कमी होण्याइतके) तापतच नाहीत. गाडी साधारण १,०६० किलोची, कंपनीच्या डिस्कवर आरामात एबीएस लागतं, आणि एकदा तिथपर्यंत जोर पोचला की गाडी किती अंतरात थांबणार ते टायर ठरवतो, कॅलिपर नाही. ट्रॅकचे रेस पॅड पण नकोत, ते तापल्याशिवाय धरत नाहीत. थंड असताना चांगला धरणारा स्ट्रीट पॅड आणि ताजं ब्रेक फ्लुइड, बास. सांभाळायचं ते एबीएसला, खडबडीत डांबरावर धाडकन पाय मारला की कधीकधी त्याला वाटतं खाली बर्फ आहे, मग पेडल दगडासारखं कडक होतं, गाडी थांबत नाही आणि एससीसीएमध्ये (ऑटोक्रॉस भरवणारी अमेरिकन संस्था) पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे २ सेकंदांचा दंड बसतो. जोरात दाबा, पण दाब चढवत न्या.

आता डिफ. ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, त्यामुळे ज्या चाकाला पकड कमी त्याला जेवढा झेपेल तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. वळणात वजन बाहेरच्या बाजूला जातं, आतलं मागचं चाक हलकं होतं, तुम्ही गॅस दिला की तेच नुसतं फिरतं, आरपीएम चढतो आणि गाडी तिथल्या तिथेच. वाहत्या स्लॅलममध्ये (ओळीतल्या शंकूंमधून नागमोडी जाताना) हे फारसं जाणवत नाही, पण कोर्सवर एखादं आवळ यू-टर्नसारखं वळण असलं की तिथून बाहेर पडताना एलएसडीवाला पुढे निघून जातो.

पण नियम बघा. एससीसीएच्या स्ट्रीट कॅटेगरीत (जवळजवळ कंपनीच्याच स्थितीतल्या गाड्यांच्या गटात) पॅड बदलता येतात, डिफ कंपनीचाच ठेवावा लागतो, आणि मॅन्युअल क्लब ट्रिमला एलएसडी कंपनीकडूनच येतो म्हणून नुसता तो काढून स्पोर्टमध्ये बसवला तरी चालत नाही. म्हणून यंदा स्ट्रीटमध्येच धावा आणि पैसे टायर, शॉक्स आणि पुढच्या जाड अँटी-रोल बारवर (वळणात गाडी कलणं कमी करणारी सळई) घाला. पुढचा बार कडक केला की मागचं आतलं चाक जमिनीवर जास्त दाबून राहतं, ओपन डिफवाल्यांचा हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. अंडरस्टिअर (स्टिअरिंग वळवूनही गाडी कमी वळणं) थोडा वाढतो, तरी माझ्या मते सौदा फायद्याचाच. आणि गॅस स्टिअरिंग सरळ करता करता द्या, आधी नाही.

पुढे एलएसडी चालणाऱ्या क्लासमध्ये गेलात तर टॉर्सन टाईप (गिअरवर चालणारा एलएसडी) रोजच्या वापराला बरा, शांत असतो आणि त्यात घासून संपणाऱ्या प्लेट्स नसतात, फक्त आतलं चाक पूर्ण उचललं गेलं तर तो जवळजवळ ओपनसारखाच वागतो. क्लच टाईप (घासणाऱ्या प्लेट्सचा एलएसडी) तेव्हाही धरून ठेवतो, पण पार्किंगमध्ये हळू वळताना कटकट आवाज करतो आणि त्याचं तेल वेळच्या वेळी बदलावं लागतं, तेसुद्धा बनवणाऱ्यानं सांगितलेलंच.