भाजण्याआधीचे दुखणेही डॉक्टरांना सांगा

प्रश्न : माझे यजमान मच्छीमार बोटीवर खलाशी होते. सात महिन्यांपूर्वी बोटीवरील शेगडीचा भडका उडून त्यांचे हात, मान व छाती भाजली. जखमा भरल्या, पण पेजेसाठी चूल पेटवली तरी ते पडवीतून उठून वाडीत जातात, रात्री ओरडत उठतात, आणि पाहुणे आले की माजघरात जाऊन बसतात. धाकटा भाऊ गेल्यापासून ते गप्पच असत, दारूही वाढली होती. अपघाताचा दोष त्यांच्यावर येईल या भीतीने मी हे रुग्णालयात सांगितले नाही. आता सांगून उपयोग होईल का?
– एक भगिनी, गुहागर तालुका

उत्तर : होईल, आणि पुढच्या तपासणीलाच सांगा. गंभीर भाजलेल्या अनेक रुग्णांना अपघातापूर्वीपासूनच नैराश्य किंवा व्यसन असते, त्यामुळे डॉक्टरांना यात नवल वाटणार नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, क्वचित झटकेही येतात; म्हणून ही माहिती खरे तर पहिल्याच दिवशी हवी होती. तुम्ही घाबरून गप्प राहिलात, हे मी समजू शकतो. परंतु भावाचे दुःख तसेच राहिले, तर दारू परत येण्याचा धोकाही राहतो.

चुलीपासून दूर पळणे आणि ओरडत उठणे ही आघातानंतरच्या मानसिक ताणाची लक्षणे आहेत, भित्रेपणा नव्हे. त्यांना बळेच चुलीपाशी बसवू नका. विस्तवाजवळ हळूहळू येण्याचा सराव तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखालीच व्हावा.

एक गोष्ट घरोघरी दुर्लक्षित राहते, ती म्हणजे व्रणांची खाज. दिवसाचे तेवीस तास घालायचे घट्ट प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारा कपडा) आपल्या किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात घामाने चिंब होते, खाजेने झोप मोडते, आणि चिडचिडीला घरचे ‘स्वभाव’ म्हणतात. खाजेवर औषध मागा, आणि एक धुवायला पडले की दुसरे घालता यावे म्हणून दोन जोड घ्या.

‘जगावेसे वाटत नाही का?’ असे त्यांना स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उत्तर होकारार्थी आले, तर त्यांना एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येते. ‘रत्नागिरीला नेले’ या शब्दांचा आपल्याकडे लोक धसका घेतात. पण तिथल्या मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तपासून त्याच दिवशी घरी परतता येते.

मात्र दारूचे डॉक्टरांना सांगणार आहात, हे आधी यजमानांच्या कानावर घाला, आणि शक्य झाल्यास त्यांच्यासमोरच सांगा.