वीत मोजून क्वार्टरबॅक ठरत नाही

ताई, तुमचा मुलगा १३ वर्षांचा, दोन वर्षं अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक (बॉल फेकून संघाचा हल्ला चालवणारा) खेळतोय, आणि कोचनी त्याचा पंजा बघून "हात लहान आहेत, रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा) हो" असं सांगितलं. हाताच्या मापाला खरंच एवढं महत्त्व असतं का, असं तुम्ही विचारलंय. मी पिट्सबर्गजवळ राहतो आणि दर शनिवारी मुलांच्या टीमला शिकवायला मैदानावर असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. महत्त्व आहे, पण बॉल हातात टिकतो का, एवढ्यापुरतंच. आणि १३ व्या वर्षी त्यावरून मुलाची जागा बदलणं मला अजिबात पटत नाही.

हे माप येतं कुठून? एनएफएल, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक फुटबॉल लीग, दरवर्षी कॉलेजांतून नवे खेळाडू निवडते, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे या खेळाडूंची मापं आणि चाचण्या घेणारं शिबिर भरतं. तिथे पंजा सपाट ठेवून बोटं पूर्ण ताणायला लावतात आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं अंतर घेतात, इंचाच्या आठव्या भागापर्यंत. म्हणजे चक्क आपली वीत! आपल्याकडे वीत साधारण ९ इंचांची धरतात, आणि स्काउट (खेळाडू हेरणाऱ्या) लोकांची रेघही ९ इंचांवरच आहे. त्याखाली गेलात की तुमच्याकडे शंकेने बघायला लागतात.

शंका अगदीच निराधार नाही. एनएफएलच्या बॉलचा मधला घेर २१ इंचांच्या थोडा वर असतो. मोठ्या पंजालाही तो जेमतेम अर्धा वेढता येतो. फेकताना लहान हाताचा मुलगा पकड थोडी मागे, बॉल निमुळता होतो तिकडे सरकवतो, आणि त्याचं काम भागतं. क्वार्टरबॅक मायकल व्हिकचा पंजा ८.५ इंचांचा होता. २००१ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला निवडला गेला, आणि त्याच्या डाव्या हातातून सुटलेला बॉल किती जोरात जायचा हे ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. खरी अडचण फेकण्याच्या आधीची. फेकण्याची हूल देऊन हात मध्येच थांबवायचा असतो, पळताना बॉल एका हातात असतो, मागून कुणी मनगटावर फटका मारतो, वर पाऊस किंवा बोचरी थंडी. तिथे बोटांची पकड कमी पडली की फंबल, म्हणजे बॉल हातातून निसटलाच.

आमच्या गावाने हा वाद फार जवळून पाहिला. क्वार्टरबॅक केनी पिकेट इथल्याच पिट (पिट्सबर्ग) विद्यापीठाचा. २०२१ चा सीझन त्याने गाजवला, ४२ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) टाकले. पुढच्या वर्षी सीनियर बोलच्या (कॉलेज संपवणाऱ्या खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या) वेळी त्याने हाताचं माप द्यायचं टाळलं, आणि मग महिनाभर दुसरा विषयच नव्हता. कंबाइनला माप भरलं ८.५ इंच. त्याच्या अंगठ्याचा सांधा जास्त वळतो, त्यामुळे पंजा ताणून ठेवणंच त्याला अवघड. व्यायाम करून नंतर विद्यापीठातल्या चाचणीत तो ८ ५/८ पर्यंत गेला. कॉलेजात दोन्ही हातांत ग्लोव्ह्ज घालून खेळायचा. पिट्सबर्गच्या एनएफएल संघाने, स्टीलर्सनी, त्याला ड्राफ्टमध्ये २० व्या क्रमांकावर घेतलं. पिट आणि स्टीलर्स एकाच स्टेडियमवर खेळतात, म्हणजे इथल्या नोव्हेंबरच्या गारठ्यात तो आधीच खेळून बसला होता. माझ्या मते कुठल्याही मापापेक्षा हा पुरावा मोठा होता.

पुढे दोन सीझन, २४ सामन्यांत तो सुरुवातीपासून खेळला, टचडाउन पास फक्त १३. मार्च २०२४ मध्ये त्याला फिलाडेल्फियाच्या संघाकडे पाठवलं. "बघा, हात लहान होते ना!" असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला हे पटत नाही. मी ते सामने पाहिलेत. त्याचं रक्षण करणारी पुढची फळी (लाइन) विरोधकांना नीट अडवत असतानाही तो पॉकेट, म्हणजे तिच्यामागची सुरक्षित जागा, सोडून उजवीकडे पळायचा, मधला मोकळा रिसीव्हर त्याला दिसायचाच नाही. हा नजरेचा प्रश्न. कुठल्याही विती-इंचांत तो सापडत नाही.

उलट बाजूही बघा. क्वार्टरबॅक पॅक्स्टन लिंचचा पंजा १०.२५ इंच, उंची तर भरपूर. डेन्व्हरच्या संघाने २०१६ ला ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतलं, आणि चारच सामन्यांत सुरुवातीपासून खेळून तो संपला. क्वार्टरबॅक जो बरोचा पंजा बरोबर ९ इंचांचा, आणि तो संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचा पंजाही ९.२५ इंचांचाच.

ही उदाहरणं देताना मी एक गोष्ट लपवणार नाही. ज्यांची पकड खरोखरच अपुरी असते ती मुलं शाळा-कॉलेजातच गळतात, कंबाइनपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून वरच्या पातळीवर मापाचा फरक फारसा दिसत नाही. तेव्हा "मापाला काडीचा अर्थ नाही" असंही मी म्हणणार नाही. पण जे माप मालिश करून वाढतं त्यावर किती भिस्त ठेवायची? आर्कान्सास विद्यापीठाच्या क्वार्टरबॅक ब्रँडन ॲलनने २०१६ ला तेच केलं, आणि काही आठवड्यांत त्याचा पंजा ८.५ वरून ८ ७/८ झाला.

आता तुमच्या मुलाचं. वयात येताना हातपाय आधी वाढतात आणि धड मागून. त्याचा पंजा अजून वाढायचाय. पहिल्यांदा त्याचा बॉल कुठला ते बघा. १२ ते १४ च्या मुलांसाठी वेगळा, थोडा लहान बॉल मिळतो. आमच्याकडचा एक मुलगा असाच 'लहान हातांचा' ठरला होता. तो घरून मोठ्या भावाचा पूर्ण मापाचा बॉल आणायचा, तोही नवा कोरा. नवं कातडं मेणचट असतं, ब्रशने घासून घासून त्याला खरखरीतपणा आणावा लागतो. बॉल बदलला, करंगळी आणि अनामिका लेसवर (बॉलवरच्या शिवणीच्या दोऱ्यांवर) नीट बसवली, आणि तिसऱ्या शनिवारी त्याचा बॉल गिरकी घेत सरळ जायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू मला अजून आठवतं.

घरी एक करून बघा. बादलीत बॉल बुडवा, पुसू नका, त्याला पाच पावलं मागे जाऊन एका हाताने फेकण्याची हूल द्यायला सांगा. असं दहा वेळा. बॉल किती वेळा निसटला ते मोजा, मग महिनाभर रोज टेनिस बॉल दाबायला लावून पुन्हा मोजा. हे आकडे घेऊन कोचशी बोला. आणि तो कुठल्या मापाच्या बॉलने खेळतो ते मला कळवा, पुढचं त्यावरून सांगता येईल.