यीस्ट उपाशी असताना प्रथिनं बनवणं आवरतं घेतं, तर मग जीसीएन४ हे प्रथिन तेव्हाच का वाढतं?

एमएस्सीला असताना मीही याच प्रश्नावर अडलो होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं कारण एकच आहे.

आधी प्रथिन बनवायला सुरुवात कशी होते ते बघू. रायबोसोमचा (प्रथिन बनवणारं यंत्र) लहान भाग एमआरएनएच्या (जनुकाचा संदेश नेणारा रेणू) टोपीकडच्या, म्हणजे सुरुवातीच्या टोकाला बसतो आणि एयूजी हा 'इथून सुरू' असा संकेत सापडेपर्यंत पुढे सरकतो. तो एयूजी ओळखायला मेथिओनिन हे अमिनो आम्ल लावलेला टीआरएनए (अमिनो आम्ल वाहून आणणारा रेणू) लागतो. ईआयएफ२ हा मदतनीस घटक तो टीआरएनए आणून देतो, पण स्वतःवर जीटीपी (ऊर्जा देणारा रेणू) असेल तरच. एयूजी सापडल्यावर ईआयएफ२ जीडीपी (वापरून झालेला जीटीपी) घेऊन सुटतो. त्याला पुन्हा जीटीपी मिळवून देणारा ईआयएफ२बी. तो पेशीत कमीच असतो, आणि सगळी मेख इथेच आहे.

अमिनो आम्लं संपली की रिकामे टीआरएनए साचतात. त्यांच्यामुळे जीसीएन२ हे कायनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) जागं होतं आणि ईआयएफ२च्या अल्फा भागातल्या ५१व्या सेरीनवर फॉस्फेट लावतं. असा ईआयएफ२ ईआयएफ२बीलाच अडकवून ठेवतो. परिणामी जीटीपी भरलेले ईआयएफ२ कमी पडतात आणि एकूण प्रथिननिर्मिती मंदावते.

आता जीसीएन४. त्याच्या एमआरएनएवर खऱ्या जनुकाच्या आधी चार चिमुकल्या वाचनचौकटी (एयूजीपासून सुरू होणारे वाचायचे तुकडे) आहेत, दोन-तीन कोडॉनच्या, म्हणजे तीन-तीन अक्षरी संकेतांच्या. पहिली वाचून झाल्यावर जवळपास निम्मे लहान भाग एमआरएनए न सोडता पुढे सरकत राहतात, पण टीआरएनए संपलेला असतो. पोट भरलेलं असेल तर चौथीपर्यंत पोचण्याआधीच नवा मिळतो, चौथी वाचली जाते आणि रायबोसोम गळून पडतो. जीसीएन४ राहिलंच. उपाशी पेशीत नवा टीआरएनए मिळायला उशीर होतो, त्या नादात चौथीचा एयूजी मागे पडतो, आणि मिळतो तो थेट जीसीएन४च्या एयूजीआधी. उशीर झाला म्हणून खड्डा चुकला! मग जीसीएन४ अमिनो आम्लं बनवणारी जनुकं चालू करतं. हे कोडं मुख्यतः ॲलन हिनेबुश यांच्या गटाने उलगडलं.

प्रयोगशाळेत हे बघणं सोपं आहे. प्लेटमध्ये ३-अमिनोट्रायझोल घाला. ते हिस्टिडीन बनवण्यात अडथळा आणतं. साधं यीस्ट वाढतं, जीसीएन२ काढून टाकलेलं वाढत नाही.

ग्लुकोजची उपासमार मात्र यात मिसळू नका. ते काढून घेतलं की मिनिटा-दोन मिनिटांतच प्रथिननिर्मिती जवळपास थांबते, आणि जीसीएन२ नसलेल्या यीस्टमध्येही थांबते.