व्हाउचर हातात आहे, पण लाज वाटते

प्रश्न: ताई, नणंदेनं वाढदिवसाला गोव्यात कांदोळीच्या एका रिसॉर्टमधल्या स्पाचं व्हाउचर दिलंय, अभ्यंग आणि स्टीम. आजवर मला तेल लावलं ते आईनं नाहीतर बाळंतपणात मालिशवालीनं. कपडे किती काढायचे, मध्ये बोलायचं का, टीप द्यायची का, काहीच ठाऊक नाही. हसू नका हं. - एक वाचक, फोंडा

उत्तर: हसत नाही गं, हे बऱ्याच जणींना विचारायचं असतं, फक्त कुणी विचारत नाही. कपड्यांचं आधी सांगते. बहुतेक ठिकाणी डिस्पोजेबल अंडरवेअर देतात, ती घालून टॉवेलखाली पडायचं, थेरपिस्ट तोवर बाहेर थांबते आणि मग ज्या भागाला तेल लावायचं तेवढाच उघडा करते. आयुर्वेदिक सेंटरात द्रोणीवर, म्हणजे मालिशच्या लाकडी टेबलावर झोपवलं तर अंगावर झाकण कमी असू शकतं, म्हणून बुकिंगच्या फोनवरच विचार. बाईच थेरपिस्ट हवी हेही तेव्हाच सांग, दारात गेल्यावर नको, तोवर कुणाला कुठली रूम ते ठरलेलं असतं.

भरपेट शीत-कडी जेवून जाऊ नकोस, पालथं झोपल्यावर कळेल का ते. पंधरा मिनिटं आधी पोच, फॉर्म भरायचा असतो. तो फॉर्म लोक डोळे झाकून सही करतात याचा मला फार राग येतो, बीपी, ऑपरेशन, गरोदरपण, तिळाच्या तेलाची ॲलर्जी, सगळं खरं लिही, कारण कुठे दाबायचं नाही आणि स्टीम द्यायची का हे ती त्यावरून ठरवते. आणि उशीर झाला तर तुझाच वेळ कापला जाणार, पुढची क्लायंट थांबलेली असते, तिथे रिसेप्शनवर हुज्जत घालू नये.

बोलायचं म्हणशील तर गप्पा मारायलाच हव्यात असं नाही, गप्प पडलीस तरी उद्धट दिसत नाही. पण दुखलं तर दात-ओठ खाऊन सहन करू नकोस, लगेच सांग. इथल्या बऱ्याच थेरपिस्ट केरळ किंवा ईशान्येकडून आलेल्या असतात, 'थोडा हल्का' एवढं हिंदी पुरतं. पगार किती, लग्न झालं का, घरी कोण कोण, हे मात्र विचारू नको, ती बिचारी उत्तर टाळू शकत नाही. मोबाईल बंद, सायलेंट नव्हे बंद, शेजारच्या रूममध्ये पण कुणीतरी झोपलेलं असतं. मंगळसूत्र, चेन घरीच ठेव, तेलात बरबटतं आणि हरवलं तर संशय नको त्या माणसावर जातो.

टीप सक्तीची नाही. आवडलं तर दे, पण बिलात सर्व्हिस चार्ज लावलाय का ते बघून, आणि शक्यतो तिच्या हातात.

प्रश्न: पुण्याचे मित्र येतायत. दुपारी बागा बीच, बीअर आणि संध्याकाळी सगळे मसाजला, असा प्लॅन चालेल ना? - एक वाचक, म्हापसा

उत्तर: नाही चालणार. दारू पिऊन स्टीममध्ये बसलात तर बीपी उतरून चक्कर येते, आणि चांगला स्पा तसंही दारातून परत पाठवतो. उन्हानं भाजलेल्या पाठीवर मसाज म्हणजे शिक्षाच, शिवाय अंगाला वाळू असेल तर ती तेलात घासली जाऊन कातडी सोलते. सकाळचं बुकिंग करा, अंघोळ करून जा. आणि मित्रांना आधीच स्पष्ट सांगून ठेव, थेरपिस्टला 'स्पेशल' काय मिळेल असलं गमतीतही विचारायचं नाही, ती तिथंच काम थांबवू शकते आणि पैसे परत मागायला तोंड राहणार नाही. कुणी गळणार असेल तर आदल्या दिवशी फोन कर, चार जणांसाठी चार थेरपिस्ट अडवलेल्या असतात.