तिला आधी वाइंडिंगच्या टेबलावर बसवा

प्रश्न : मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून नोकरी मिळाली, पण तिला ती नको. एका संस्थेबरोबर गरीब वस्त्यांत जाऊन दुरुस्ती, वस्तू बनवणं, छोट्या धंद्याचा हिशेब, कर्जाचे कागद वाचणं असलं शिकवायचं म्हणते. मी अशाच वस्तीत वाढलो, उस्तादांच्या हाताखाली मोटार वाइंडिंग शिकलो आणि बाहेर पडलो. जिथून मी निघालो तिथे तिला परत कशाला पाठवू? आणि चार गोष्टी सांगायला इंजिनिअर कशाला लागतो? कृपया तिला समजवा.

उत्तर : नमस्कार. तुमचं मूळ पत्र लांब आहे, वर फक्त सारांश दिलाय. त्यात मुलीच्या गुणांबद्दल एक ओळ आहे आणि वस्तीबद्दल दीड पान. पाण्याची रांग आहे, गळकं छप्पर आहे, एका खोलीतली सात माणसं आहेत. उस्ताद मात्र तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलेत. मी तिथेच अडकले.

तुमची भीती खोटी नाही. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार म्हणजे काय, हे तो नसलेल्या घरात वाढलेल्यालाच कळतं. पण 'परत पाठवू' हा शब्द तुमचा आहे, तिचा नाही. तुम्ही तिथे जन्मलात, ती तिथे कामाला जाणार आहे आणि उद्या नको वाटलं तर पदवी घेऊन दुसरीकडे जाऊ शकते. पत्राच्या शेवटी 'माझ्या कष्टांवर पाणी फिरवतेय' असं लिहिलंत, ते मला खरंच खटकलं. तुमच्या कष्टांची वसुली तिच्या नेमणूकपत्रातून करायची, हा हिशेब तिने कधी मान्य केला होता? तेव्हा तिला मी समजावणार नाही. तुमच्याशीच बोलते.

'चार गोष्टी सांगायला इंजिनिअर कशाला?' हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, अशा संस्था चालवणाऱ्यांतही तो सापडतो. आफ्रिकेतल्या टोगो देशात दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर प्रयोग झाला, 2017 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. काहींना हिशेब, विक्री वगैरे नेहमीचं प्रशिक्षण दिलं, काहींना आपणहून पुढाकार घेणं, संधी हेरणं, अडथळ्यांचा आधीच विचार करणं शिकवलं, उरलेल्यांना काहीच नाही. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे 30 टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाचा फायदा मात्र ठामपणे 'झाला' म्हणावा इतकाही दिसला नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमध्येही असंच दिसलं होतं. तिथे रीतसर लेखाशास्त्र शिकवून फरक पडला नाही, साध्या नियमांनी पडला : घरचे पैसे एका खणात, धंद्याचे दुसऱ्या. म्हणजे काय शिकवायचं आणि काय गाळायचं, हेच यातलं अवघड काम. फळ्यावर नफातोट्याचा तक्ता काढून निघून जाणारे ढिगाने भेटतात.

कर्जाच्या कागदाचंच घ्या. बारा हजारांचं कर्ज, '12 टक्के फ्लॅट', वर्षभर दरमहा 1,120 चा हप्ता. ऐकायला स्वस्त. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण बारा हजारांवर लावलेलं असतं, म्हणून घटत्या शिलकीवर तोच दर साडेएकवीसच्या आसपास जातो. हे न रागावता, न लाजवता, समोरच्याच्या स्वतःच्या कागदावर बोट ठेवून दाखवता येणं हे कसब आहे.

आता थोडं तिच्यासाठी, तिला वाचून दाखवा. 'गरिबांना पैशाची अक्कल नसते, ती द्यायला मी निघाले' असा सूर मनात असेल तर नको जाऊस. रोजची कमाई रोज हातात येणारा माणूस छोटी पुडी घेतो, कारण त्या दिवशी हातात तेवढेच पैसे असतात. पुडी महाग पडते हे त्याला तुझ्याआधीपासून माहीत आहे. सगळ्यांना उद्योजक बनवायलाही निघू नकोस. बहुतेकांना तुझ्या वडिलांसारखीच खात्रीची कमाई हवी असते, आणि त्यात गैर काही नाही. मशिनांना भुलू नकोस. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून निघालेली फॅब लॅबची कल्पना, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कुणालाही वस्तू बनवता येतील अशी कार्यशाळा, शंभराहून जास्त देशांत पोचली, चांगलंच झालं. पण लेझर कटरला देणगीदार मिळतो, त्याच्याशेजारी रोज उभं राहणाऱ्या शिक्षकाच्या पगाराला मिळत नाही. म्हणून संस्थेला आधी विचार : माझा पगार कोण देणार, किती वर्षांसाठी, आणि मागच्या तुकडीतली मुलं आज काय करतात? शेवटच्या प्रश्नाला फोटो दाखवले तर नोकरीच घे.

पुढे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी किंवा बी.एड. करता येईल, त्याची आज घाई नाही.

आणि साहेब, चार वर्षं मेकॅनिकल शिकलेल्या तुमच्या मुलीने तुमच्यासोबत एकदा तरी मोटार उघडली आहे का? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही. नेमणुकीला अजून काही महिने आहेत. एक जळालेली मोटार आणा. जुनी कॉइल कापायच्या आधी वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, जोडण्या कागदावर उतरवून ठेवायच्या, हे उस्तादांनी तुम्हाला जसं शिकवलं तसंच तिला शिकवा. घाईने कापून टाकलं की आधी काय होतं ते कळायचा मार्ग उरत नाही, हे वस्तीत जाणाऱ्या माणसालाही ठाऊक असावं. तुम्ही शिकवत असताना तिचं लक्ष कुठे आहे तेही बघा, मोटारीकडे की तुमच्या शिकवण्याकडे.

पुढचं पत्र मात्र तिलाच लिहू द्या. संस्थेने दिलेली उत्तरं त्यात हवीत. आणि उस्तादांबद्दलही लिहायला सांगा, निदान एक पान.