चलनातल्या नाण्यांचे मोल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले पाच रुपयांचे नाणे तुझ्याकडे आहे आणि त्याला लाखो रुपये मिळतील अशी जाहिरात तू मोबाईलवर पाहिलीस, हे तुझ्या पत्रातून कळले. आधी त्याचाच निकाल लावू. ते २०१२ सालचे, रोजच्या व्यवहारासाठी काढलेले नाणे आहे आणि हजारो घरांत ते पडून आहे. लाख रुपये देणारा खरा गिऱ्हाईक तुझ्याकडून आधी ‘नोंदणी शुल्क’ मागत नाही. असले शुल्क रिझर्व्ह बँकेच्या नावावर उकळले जाऊ लागले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर निवेदन काढून आपला या व्यवहाराशी संबंध नसल्याचे सांगावे लागले होते.

तुझ्या डब्यातली बहुतेक नाणी दर्शनी किमतीचीच आहेत, हे गृहीत धरून पुढे वाच. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. पण बाद होणे आणि दुर्मिळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संग्राहक दोन प्रश्न विचारतो: हे नाणे कोणत्या टांकसाळीत, कोणत्या साली पडले, आणि ते आज कोणत्या अवस्थेत आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सालाच्या अंकांखाली बारीक खुणेत असते. मुंबईची खूण पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. जुन्या नाण्यांवर, विशेषतः हैदराबादच्या, याहून निराळ्या खुणाही आढळतात, म्हणून भिंग जवळ ठेवावे. या अभ्यासाची गोडी लावायला १९८५ सालच्या रुपयाइतके चांगले नाणे मला माहीत नाही. त्या काळी देशात सुट्या नाण्यांची टंचाई होती आणि आपल्या टांकसाळी मागणी पुरवू शकत नव्हत्या, म्हणून सरकारने काही रुपये ब्रिटनमध्ये पाडून घेतले. बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीच्या रुपयावर सालाखाली ‘एच’ हे रोमन अक्षर आहे. वेल्समधल्या लँट्रिसंट येथील रॉयल मिंटच्या रुपयावर मात्र चौकटच आहे, फक्त ती सालाच्या पहिल्या अंकाखाली आहे. मुंबईची चौकट सालाखाली मधोमध असते. चौकट दिसली की ‘मुंबई’ म्हणून नाणे बाजूला टाकणाऱ्याच्या हातून हा फरक निसटतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा बाहेरून नाणी आली, त्यांत स्लोव्हाकियातल्या क्रेमनिकाचा रुपया आणि मॉस्कोचे १९९९ सालचे पाच रुपये आहेत. यांतली बरीच नाणी तुला आजही अगदी किरकोळ भावात मिळतील, आणि माझ्या मते नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी.

दुसरा प्रश्न अवस्थेचा, आणि आधुनिक नाण्यांत किंमत मुख्यतः इथेच ठरते. लक्षावधी प्रती पडलेले नाणे वापरून झिजले की त्याला कोणी विचारत नाही. तेच टांकसाळीतून निघाल्यासारखे, मूळ झळाळीसह उरले असेल, तर त्याच सालाच्या झिजलेल्या नाण्याहून त्याला बराच जास्त भाव येतो. म्हणून नाणे कधीही घासू नकोस. कमळाच्या छापाचे, पिवळ्या धातूचे वीस पैसे (१९६८ ते १९७१) चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावून लख्ख केलेले मी अनेकदा पाहिले आहेत. मालकाला ते नवे वाटतात, जाणत्याला त्यावरचे ओरखडे दिसतात, आणि गेलेली मूळ झळाळी काही केल्या परत येत नाही. नाणे कडेने धरावे आणि कागदी होल्डरमध्ये ठेवावे. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्या काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर चढवतात, त्या टाळ.

स्मारक नाण्यांबद्दल तू विचारले आहेस. छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये आणि संत ज्ञानेश्वरांचा रुपया, दोन्ही १९९९ सालचे, चलनात आले होते, आणि असली नाणी सुट्या पैशांतून शोधण्यातच खरा आनंद आहे, असे मला वाटते. टांकसाळ पेटीत घालून विकते ती पंचाहत्तर, शंभर, सव्वाशे रुपयांची नाणी देखणी असतात, पण ती कोणाच्या खिशात कधी गेलीच नाहीत. त्यांत मला तरी रस वाटत नाही. तुला वाटला तर जरूर घे, मात्र गुंतवणूक म्हणून नको. नाण्यांच्या कॅटलॉगमध्ये छापलेला भाव हा दुकानदार मागतो तो भाव असतो. आपण विकायला गेलो की त्याहून बराच कमी हातात येतो.

१९९२ ते २००४ या काळातले अकरा कोनांचे, भारताच्या नकाशाचे दोन रुपये आधी साल आणि टांकसाळ यांप्रमाणे वेगळे कर. ज्या खुणा ओळखता येणार नाहीत, त्यांचे छायाचित्र उन्हात तिरप्या प्रकाशात काढून मला पाठव.

कळावे, लोभ असावा.