अमेरिकेतला कॉलेज खेळाडू उत्तेजक द्रव्य चाचणीत सापडला की चाहते एकाला सावरतात आणि दुसऱ्याला झोडपतात, असे का? नियम सर्वांना सारखे नाहीत का?

नियम सर्वांना सारखे नाहीत, आणि चाहते तर मुळीच नाहीत. मी मिशिगन विद्यापीठाचा माजी विद्यार्थी आहे आणि 2014 साली मिच मॅकगॅरीला झालेली शिक्षा मला आजही पटलेली नाही.

मॅकगॅरी आमच्या बास्केटबॉल संघात होता. पाठीच्या दुखण्यामुळे तो डिसेंबरपासून एकही सामना खेळला नव्हता आणि जानेवारीत त्याच्यावर शस्त्रक्रियाही झाली होती. मार्चमधल्या एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियमन करणारी संघटना) स्पर्धेत आम्ही टेनेसीला 73-71 असे हरवले, तो सामना त्याने बाकावर बसून पाहिला, आणि त्यानंतरच्या चाचणीत त्याच्या नमुन्यात गांजा आढळला. त्याला पूर्ण वर्षाची बंदी झाली, म्हणजे स्नायू वाढवण्यासाठी स्टेरॉइड घेणाऱ्याला जेवढी होते तेवढीच. गांजाची शिक्षा निम्मी करण्याचा निर्णय एनसीएएने त्याच एप्रिलमध्ये घेतला होता, परंतु तो 1 ऑगस्टपासून लागू होणार असल्याने याला त्याचा उपयोग झाला नाही. अपील फेटाळले गेले आणि तो कॉलेज सोडून व्यावसायिक बास्केटबॉलकडे वळला.

ही बातमी आली त्या संध्याकाळी ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावातल्या आमच्या भाड्याच्या घरात माझा सांगलीचा रूममेट कणीक मळत होता. त्याला या खेळाशी काही देणेघेणे नव्हते. मी बातमी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा पिठाने भरलेले हात परातीवर तसेच धरून तो म्हणाला, "नियम माहीत असताना ओढलाच कशाला? आता भोगू दे." मी त्याला समजावले की विद्यापीठे स्वतःही चाचण्या घेतात, त्यांची शिक्षा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, आणि हाच नमुना आमच्या विद्यापीठाने घेतला असता तर त्याचे वर्ष वाया गेले नसते. "चाचणी कोणी घेतली यावर गुन्हा ठरतो का?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "गुन्हा नाही रे, शिक्षा ठरते, आणि माझी तक्रार तीच आहे." त्यानंतर आम्ही न बोलता जेवलो.

पुढे त्याला दक्षिण कॅरोलिनात नोकरी लागली आणि तो क्लेम्सनच्या फुटबॉल संघाचा कट्टर चाहता झाला. डिसेंबर 2018 मध्ये कॉटन बोल या उपांत्य सामन्याच्या तोंडावर क्लेम्सनच्या डेक्स्टर लॉरेन्ससह तिघांच्या नमुन्यांत ऑस्टारिन या स्नायू वाढवणाऱ्या बंदी असलेल्या द्रव्याचा अत्यल्प अंश सापडला, तेव्हा त्याचा रात्री फोन आला. "अरे, किती सूक्ष्म अंश आहे तो! कुठल्यातरी पावडरीतून गेला असेल, पोरांचा काय दोष?" मॅकगॅरीची आठवण करून दिली, तर म्हणाला, "ते वेगळे होते." लॉरेन्सशिवाय क्लेम्सनने नोत्र दामला 30-3 आणि अंतिम सामन्यात अलाबामाला 44-16 असे हरवले, आणि मग या विषयावर फोन येणे बंद झाले. लॉरेन्स एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये गेला. उरलेल्या दोघांचे अपील फेटाळले गेले आणि पुढचा जवळजवळ सगळा हंगाम ते बाहेर राहिले, पण त्यांच्यासाठी कोणी कंठशोष केल्याचे माझ्या कानावर आले नाही. तुमच्या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले उत्तर हेच आहे की चाहत्याचा न्याय संघाला त्या खेळाडूची गरज असेपर्यंतच टिकतो.

म्हणून एखाद्या खेळाडूला नावे ठेवण्याआधी चाचणी कोणी घेतली, द्रव्य कोणते होते आणि त्या तारखेला कोणता नियम लागू होता, एवढे तरी वाचावे. ज्याला त्यातले काही वाचायचे नाही, त्याने परातीवरून निकाल देऊ नये.

अर्थात, मॅकगॅरीने गांजा ओढल्याचे स्वतः मान्य केले होते आणि लॉरेन्सने जाणूनबुजून काही घेतल्याचे नाकारले होते, हा फरक मला मान्य आहे. ताकद वाढवणाऱ्या द्रव्यांवरची बंदी कडकच असावी, याबद्दलही माझे दुमत नाही.

जून 2024 मध्ये एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागाने गांजा बंदीच्या यादीतून काढला आणि त्यासाठी सुरू असलेल्या शिक्षाही थांबवल्या, म्हणजे 2014 साली जी सवलत अशक्य म्हणून सांगितली गेली तशीच सवलत दहा वर्षांनी तत्काळ देता आली. ती बातमी मी रूममेटला पाठवली. त्याने एवढेच विचारले की क्लेम्सनच्या त्या दोन पोरांसाठी मी कधी कोणाशी भांडलो होतो का. मी भांडलो नव्हतो.